शंभरामागे तीन

१

पितळेचा दहा पौंडांचा गोळा चोरून कुणी करणार काय?

बुधवारी सकाळी साडेसहाला एल्क होलोच्या गुरांच्या लिलावघरात पाऊल टाकताच काओली मौआला हा प्रश्न पडला. कॅफेच्या भिंतीवर जुन्या काट्याची लांबलचक दांडी काल होती तशीच टांगलेली होती. तिच्यावर सरकणारा पितळी गोळा मात्र गायब झाला होता. त्याच्या जागी दोन खिळे उरले होते आणि भिंतीच्या लाकडावर वाटोळा फिकट डाग.

"कालपर्यंत होता," मालक वेड किटलसन म्हणाला. त्याच्या डोक्यावर शिकारीच्या हंगामातली भगवी टोपी होती आणि डोळे जागरणाने सुजले होते. "मी स्वतः टांगला होता, मॅडम. माझ्याकडून चोरण्यासारखं आता उरलंय काय? आधी आब्रू गेली, आता भिंतीवरची शोभाही गेली!"

आब्रूचं तो काही वाढवून सांगत नव्हता. राज्याच्या पश्चिम कडेला, मिसिसिपीच्या अलीकडच्या टेकड्यांत हे एकच लिलावघर होतं. गेल्या मे महिन्यात किटलसनने जुना दांडीचा काटा काढून चकचकीत आकडे दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा बसवला, आणि तेव्हापासून कुरबुर सुरू झाली. हा काटा मारतो, गुरं हलकी भरतात, असं लोक म्हणू लागले. ऑक्टोबरात फाटकावर कुणीतरी लाल रंगाने 'चोर' असं लिहून ठेवलं. शेवटी तेवीस जणांच्या सह्यांची तक्रार राज्य सरकारच्या शेतीखात्यात पोचली. बियाण्यापासून दुकानातल्या मापापर्यंत सगळ्याची राखण करणारं ते खातं, आणि त्या खात्याची वजनमापं तपासणारी अधिकारी म्हणजे काओली.

काल मंगळवारी ती सरकारी ट्रक घेऊन आली होती. ट्रकात हजार-हजार पौंडांचे लोखंडी ठोकळे होते. काट्याच्या चारही कोपऱ्यांवर आणि मध्यभागी ठोकळे ठेवून तिने दोनदा तपासणी केली. काटा एका पौंडानेही चुकत नव्हता.

मग दुपारी कॅफेत कॉफी पिताना तिची नजर भिंतीवर गेली. "किती देखणा गोळा आहे! उद्या खाली उतरवून नीट बघते," ती सहज म्हणाली होती.

ते चौघांनी ऐकलं होतं. किटलसन शेजारीच बसला होता. कोपऱ्यात कत्तलखान्याचा खरेदीदार डेल रुट्झन वर्तमानपत्र वाचत होता. दाराशी मायलो प्रोचास्का बूट झटकत होता. बाजाराच्या आवारात चाळीस वर्षं गुरं हाकणारा म्हातारा तो. आणि कॉफी ओतत होत्या एक्याऐंशी वर्षांच्या आर्डिस स्वेउम. कॅफे त्याच चालवायच्या, आणि मेपर्यंत जुन्या काट्याची ती दांडीही चौतीस वर्षं त्यांनीच सांभाळली होती.

गोळा या चौघांपैकीच कुणीतरी उचलला होता. पण नवा काटा खरा असताना मोडीत निघालेल्या काट्याच्या तुकड्याची भीती कुणाला वाटावी?

२

तक्रारीवर पहिली सही मायलोची होती. तो आवारात गोठलेल्या चिखलात कुंपणाला टेकून उभा होता. उंच, वाकलेला, आणि खिशात हात घालून.

"गोळा मी नाही घेतला," तिने विचारायच्या आतच तो म्हणाला. "घेतला असता तर त्या किटलसनच्या डोक्यात घातला असता. भर बाजारात म्हणतो मला, म्हाताऱ्या, तुझे डोळे गेले! माझे डोळे?"

"तुम्हाला गुरांचं वजन नुसतं बघून कळतं असं ऐकलंय, मिस्टर प्रोचास्का."

"मायलो म्हण, पोरी. मिस्टर प्रोचास्का माझा बाप होता, आणि त्याला काहीच कळायचं नाही."

काओलीने खिशातून वही काढली. "मग दाखवा. तुम्ही आकडा सांगायचा, मी लिहून घेणार, मग जनावर काट्यावर. चालेल?"

मायलो हसला. पहिली काळी अँगस कालवड गल्लीतून आली. त्याने तिच्या पोटाकडे बघितलं नाही की पाठीकडे. त्याची नजर खाली होती, खुरांवर.

"नऊशे पंचवीस."

काट्यावर लाल आकडे उमटले. ९००.

"बघ! पंचवीस पौंड गिळले तुझ्या काट्यानं!"

पुढचा गोऱ्हा आला. मायलो म्हणाला बाराशे पस्तीस, काटा म्हणाला १२००. मग एक वासरू, त्याचं चारशे दहा, काट्याचं ४००. शेवटी नाकातून वाफा सोडत एक वळू आला. मायलोने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं, अगदी देवळात बघावं तसं. "एकोणीसशे पंचावन्न," तो हळूच म्हणाला. काटा १९०० वर थांबला.

वीस जनावरं झाली. मायलोचा आकडा वीसही वेळा जास्त होता. बाजूला जमलेले शेतकरी माना डोलवत होते आणि किटलसनचा चेहरा पांढराफटक पडत चालला होता. काओली मात्र वहीतल्या आकड्यांवर पेन्सिल फिरवत होती, आणि तिच्या अंगावर हळूहळू काटा येत होता.

दृष्टी अधू झालेल्या माणसाचा अंदाज कधी वर जातो, कधी खाली. काट्याखाली दगड अडकला असता तर फरक दर वेळी साधारण तेवढाच पडला असता. इथे वासराला दहा, कालवडीला पंचवीस, गोऱ्ह्याला पस्तीस आणि वळूला पंचावन्न. पाच-पाच पौंडांच्या टप्प्याला घेतलेला आकडा म्हटला तर सगळीकडे एकच हिशेब निघत होता. शंभरामागे तीन. लहान जनावर असो की मोठं, काळं असो की तांबडं. एखाद्या यंत्रालाही लाजवेल इतक्या सारखेपणाने हा माणूस चुकत होता.

"डुकरांचं सांगता येतं तुम्हाला?" तिने विचारलं.

"काय पोरकट प्रश्न विचारतेस! चल."

डुकरांची शेड पलीकडे होती आणि तिथला लहान काटा वेगळाच. तीस वर्षांत त्याला कुणी हात लावला नव्हता. काओलीने आधी तो तपासला. तो अचूक होता. मायलो कुंपणावर वाकला.

"दोनशे अडुसष्ट."

काटा म्हणाला २६८.

"दोनशे एक्क्याऐंशी."

२८१.

"हं. दोनशे चौपन्न, आणि वर एक पौंड चिखल."

२५५.

आणखी दोन डुकरांचे आकडेही असेच जुळले. शेवटी तिने पाच डुकरं एकत्र गुरांच्या नव्या काट्यावर नेली. आकडा मायलोच्या बेरजेशी आणि डुकरांच्या काट्याच्या बेरजेशी तंतोतंत जुळला.

म्हणजे दोन्ही काटे खरे होते आणि मायलोचा डोळाही खरा होता. फक्त गायीबैलांपुरता तो शंभरामागे तीनने खोटा होता.

"मायलो, हे शिकलात कुठं?"

"शिकलो कसला! चौतीस वर्षं जनावर काट्यावर ढकलायचं. आधी मनात आकडा धरायचा, मग आर्डिसच्या आवाजाची वाट बघायची. ती वरच्या खिडकीतून वजन पुकारायची. दिवसाला तीन-तीनशे जनावरं. पहिली दोन-तीन वर्षं चुकायचो, मग आमचे आकडे एक झाले." त्याने बुटाने जमिनीवर ठोकलं. "आणि पोटाकडे बघायचं नसतं, पोरी. पोट खोटं बोलतं. जमीन बघायची. ती जनावराला किती आत घेते ते बघायचं."

३

डेल रुट्झन आपल्या गाडीत हीटर लावून बसला होता.

"या सरकार, या! गोळा शोधताय? माझ्या डिकीत बघा. तिथं एक सुटं चाक आहे आणि बायकोनं फेकून दे म्हणून सांगितलेला कोट."

"तुम्हाला त्या गोळ्याचं काय वाटतं, मिस्टर रुट्झन?"

"काही नाही. जुना काटा गेला, बरं झालं. मी नव्या काट्यावर खूश आहे. माझा बाप या बाजारात खरेदी करायचा, त्याच्यामागून मी. आमचा नियमच आहे, भरलेल्या वजनातून तीन टक्के वजा. जनावर वाटेत मुततं, हगतं, घटतं. प्लांटवर पोचेपर्यंत तेवढी घट व्हायचीच."

"व्हायची? आता होत नाही?"

रुट्झनने खांदे उडवले. "हेच तर नवल आहे. उन्हाळ्यापासून गुरं वाटेत घटतच नाहीत. इथं हजार भरली की तिथंही जवळपास हजारच भरतात. हवा बदलली असेल. मी कशाला तक्रार करू?"

"वजावट मात्र चालूच आहे?"

"नियम म्हणजे नियम."

"ही वजावट बोलीच्या आधी पुकारता तुम्ही?"

त्याने काच वर करायला घेतली. "सगळ्यांना ठाऊक असतं, मॅडम. हिशेबाच्या पट्टीवर पेन्सिलीनं लिहिलेलं असतं की."

किटलसनच्या कचेरीत कागदांचा ढीग होता. आपण उद्ध्वस्त झालोय हे तो कुणाला सांगत नव्हता, पण भिंतीवरचं कॅलेंडर सांगत होतं. दर बुधवारी आलेल्या जनावरांचा आकडा तिथे लिहिलेला होता. तीनशे दहा, दोनशे चाळीस, एकशे नव्वद, एकशे वीस.

"आणखी दोन बुधवार, मग फाटकाला कुलूप," तो म्हणाला. "त्यानंतर लोकांनी सत्तर मैल गाडी हाणावी. मी खोटा असतो तर मलाही झोप लागली असती हो! खोट्या माणसाला निदान ठाऊक तरी असतं, आपण काय केलंय ते."

"जुना काटा काढताना तुम्ही स्वतः होतात?"

"होतो ना. दांडी आणि गोळा मीच उतरवला. हा बघा, पेपरात आलेला फोटो."

फोटोत किटलसन दोन्ही हातांनी पितळी गोळा धरून हसत होता. गोळ्याचा गुळगुळीत चेहरा आरशासारखा चमकत होता. काओलीने फोटो खिडकीपाशी नेला, मग फोन काढला आणि मुख्य कचेरीतल्या जुन्या नोंदी सांभाळणाऱ्या बाईंना विनंती केली. एल्क होलोच्या गुरांच्या काट्याची चौतीस वर्षांची तपासणीपत्रं हवी होती.

अर्ध्या तासात पत्रांचे फोटो आले. तिच्या आधीच्या तपासनिसाचं टपोरं अक्षर होतं आणि दर वर्षी एकच मजकूर. काटा अचूक. दांडी ठीक. गोळ्यावर ठोकलेला क्रमांक सतरा, वजन पूर्ण दहा पौंड.

सतरा!

तिने पुन्हा फोटो पाहिला. किटलसनच्या हातातल्या गोळ्यावर कसलाही आकडा नव्हता.

४

काओली ट्रकात बसली आणि तिने दोन्ही हात चाकावर ठेवले. समोरच्या टेकडीवर उघड्या ओक झाडांमधून पांढरं ऊन उतरत होतं.

तिच्या आईचा ला क्रॉसच्या बाजारात भाजीचा ठेला होता. आईला इंग्रजी धड येत नसे. कुणी गिऱ्हाईक वजनावरून कुरकुरलं की ती काही न बोलता टांगत्या काट्यावरच्या सरकारी शिक्क्यावर बोट ठेवायची. गिऱ्हाईक गप्प व्हायचं. लहानग्या काओलीला तो निळा शिक्का म्हणजे जादूच वाटायची. ज्या बाईचा शब्द कुणी ऐकत नाही, तिच्या बाजूने अख्खं राज्य बोलतंय! त्या जादूपायी ती या नोकरीत आली होती.

आता तिला दिसत होतं, की इथे तो शिक्का चौतीस वर्षं एका गोळ्यावर बसला होता आणि गुरं तोलली जात होती दुसऱ्याच गोळ्यावर.

दांडीच्या काट्याची गोष्ट साधी असते. सी-सॉवर हलक्या पोराला तोल साधायला टोकाकडे सरकून बसावं लागतं, तसा गोळा हलका असला की तो दांडीवर पुढे न्यावा लागतो, आणि पुढे गेला की आकडा वाढतो. दहा पौंडांच्या गोळ्यातून पाच औंसांना थोडं कमी इतकं पितळ काढलं, की हजार पौंडांची गाय एक हजार तीस भरणार. शंभरामागे तीन. कोणतंही जनावर असो.

तो काटा आता भंगारात वितळून गेला होता. पण त्याची चूक मात्र एका माणसाच्या डोळ्यांत जशीच्या तशी जिवंत होती! राज्याच्या प्रयोगशाळेत केसाचंही वजन करणारी यंत्रं तिने पाहिली होती. तरी असा साक्षीदार तिने कधी पाहिला नव्हता. ज्याला आपण साक्ष देतोय हेच ठाऊक नाही, आणि तरीही जो रतीभर ढळत नाही.

गोळा बदलणं एकाच माणसाला शक्य होतं. जो दर बुधवारी दांडीपाशी बसायचा.

तिला काल पाहिलेली आणखी एक गोष्ट आठवली. कॅफेच्या स्वयंपाकघराचं दार उघडं राहावं म्हणून त्याला काहीतरी जड टेकवलेलं होतं. लोकरीची विणलेली निळी टोपी घातलेलं, वाटोळं.

५

आर्डिसबाई दालचिनीचे रोल कापत होत्या. काओली दारात खाली वाकली आणि तिने ती लोकरीची टोपी वर केली. आत पितळ होतं. त्यावर ठोकलेला आकडा होता सतरा.

सुरी थांबली.

"तुझ्या आधीचा तपासनीस फार भला माणूस होता," आर्डिसबाई मागे न वळता म्हणाल्या. "आला की आधी इथं बसायचा. दोन रोल, दोन कप कॉफी. तेवढ्यात मी वर जाऊन गोळा बदलून यायचे. दर वर्षी. एकदाही घाई केली नाही त्यानं."

"दुसरा गोळा कुठाय, आर्डिस?"

त्यांनी पिठाचा डबा ओढला, कोपरापर्यंत हात घातला आणि पांढराशुभ्र झालेला गोळा बाहेर काढला. फुंकर मारली. तळाला बुचाएवढी जागा मेणाने बुजवलेली होती.

"माळ्यावर पडलेला जादा गोळा, माझ्या नवऱ्याच्या गिरमिटानं पोखरला. तो तेव्हा नुकताच गेला होता. मी इथं नवी होते. एका बुधवारी मी डेलच्या बापाला विचारलं, जनावरं रात्रभर पाण्यावाचून उभी करता, ती सुकूनच काट्यावर येतात, मग वर आणखी तीन टक्के कशाचे कापता? तो हसला. म्हणाला, बाई, आमच्या पेन्सिलीला तहान लागते." त्यांनी हात पुसले. "मग मीही तिला पाणी पाजलं. ती तीन घ्यायची, मी तीन द्यायचे. त्यातला एक सेंटसुद्धा माझ्या घरी आला नाही."

"ते मला ठाऊक आहे. पण हा गुन्हा आहे, आर्डिस. मला सगळं लिहावं लागेल."

"लिही की. एक्याऐंशी वर्षांच्या बाईला तुरुंगाची भीती घालतेस?"

"मग गोळा लपवलात कशाला?"

आर्डिसबाई पहिल्यांदाच वळल्या. डोळे भरले होते, आणि आवाज एकदम बारीक झाला होता.

"किटलसननं फोटोसाठी भलताच गोळा उतरवला तेव्हाच मला काढून घ्यायला हवा होता. पण वाटलं, भिंतीवरच्या गोळ्याकडे कोण बघतंय! काल तू बघते म्हणालीस, आणि रात्रभर डोळा लागला नाही. पहाटे येऊन काढला. अगं, कत्तलखान्याशी खोटं बोलले त्याचं मला काही वाटत नाही. पण त्या खिडकीतून मी खरं तर एकाच माणसासाठी पुकारायचे. तो खाली मान वर करून उभा असायचा, माझ्या आकड्याची वाट बघत. आणि मी त्याला दर वेळी खोटं सांगायचे. चौतीस वर्षं. त्याला सगळे वेडा म्हणतायत, आणि तो शहाणा आहे हे सांगायचं तर..."

"कुणाला काय सांगायचं?"

दारात मायलो उभा होता. तो कधीपासून तिथे होता कोण जाणे. त्याने भगवी टोपी काढून हातात घेतली होती. त्याची नजर दोन गोळ्यांवरून फिरली आणि पिठातल्या गोळ्यावर थांबली. त्याने तो उचलला, तळहातावर तोलला, मग दुसऱ्या हातात सतरा क्रमांकाचा घेतला.

"पावणेपाच औंस," तो म्हणाला.

त्याने आर्डिसबाईंकडे पाहिलं.

"प्रत्येक जनावराला, आर्डिस?"

"प्रत्येक."

"गेल्या जानेवारीतली ती पांढऱ्या कपाळाची गाय, मी तेराशे नव्वद म्हणालो आणि तू तेराशे नव्वद पुकारलंस. दिवसभर मी हवेत होतो."

"तेराशे पन्नास असेल ती," आर्डिसबाई पुटपुटल्या.

मायलोने गोळे खाली ठेवले आणि तो बाहेर निघून गेला.

६

एक वाजता लिलावाच्या गोलाभोवतीच्या बाकांवर सगळी भगवी जाकिटं दाटीने बसली होती. काओलीने पुकारणाऱ्याच्या हातातून माईक घेतला. तिने काहीही लपवलं नाही. दोन गोळे टेबलावर ठेवले आणि सगळी हकिगत सांगितली. आर्डिसबाई तिच्या शेजारी ताठ उभ्या होत्या.

डेल रुट्झन उडी मारून उठला. "चौतीस वर्षं! चौतीस वर्षं लुटलं आम्हाला या म्हातारीनं! मी भरपाई मागणार!"

"मागा," काओली म्हणाली. "पण आधी ऐका. हजार पौंडांची गाय आर्डिस एक हजार तीस भरायच्या. त्यातून तुमची पेन्सिल तीन टक्के काढायची. उरले किती? नऊशे नव्व्याण्णव. मिस्टर रुट्झन, तुमच्या वडिलांनी आणि तुम्ही हजार पौंडांना जवळजवळ हजारच पौंडांचे पैसे दिलेत. दोन लबाड्यांनी मिळून हा बाजार चौतीस वर्षं खरा ठेवला होता."

बाकांवर कुणीतरी मोठ्याने श्वास घेतला.

"मे महिन्यात यातली एक लबाडी गेली. काटा खरा झाला. पेन्सिल मात्र तशीच राहिली. तेव्हापासून तुमच्या हजाराच्या गायीचे तुम्हाला नऊशे सत्तर मिळतायत. तेवीस जणांनी लिहिलं, आम्ही लुटले जातोय. ते बरोबरच होतं. फक्त चोर काट्यात नव्हता." ती रुट्झनकडे वळली. "वजावट घेऊ नका असं मी म्हणत नाही. पण ती बोलीच्या आधी, या माईकवरून, सगळ्यांच्या तोंडावर पुकारायची. लपवलीत तर ते आमच्या खात्याचं काम. आता बोला, किती वजा?"

तिने माईक पुढे केला. दीडशे माणसं त्याच्याकडे बघत होती. रुट्झनने तोंड उघडलं. मग कानामागची पेन्सिल काढली, क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि खिशात टाकली.

"काही नाही," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "सरळ वजन."

किटलसन पायरीवर बसकण मारून रडत होता. तक्रारीवर दुसऱ्या क्रमांकाची सही असलेला एक आडदांड शेतकरी त्याच्यापाशी गेला. "उद्या रंगाचा डबा घेऊन येतो," तो म्हणाला. "फाटक मीच रंगवून देतो."

पुढे जानेवारीत खात्याने निर्णय दिला. आर्डिस स्वेउम यांनी यापुढे कोणत्याही सार्वजनिक काट्यावर एकट्याने वजन करू नये, आणि दोन्ही गोळे प्रयोगशाळेत जमा व्हावेत. भरपाईचा दावा रुट्झनने केलाच नाही. केला असता तर पेन्सिलीचाही हिशेब निघाला असता.

पण ते पुढचं. त्या दुपारी पहिलं जनावर गल्लीत आलं तेव्हा मायलोची जागा रिकामी होती. लोक कुजबुजत होते. मग मागच्या दारातून तो आला. बर्फाच्या पाण्याने तोंड धुतलेलं, गाल लाल. तो थेट आर्डिसबाईंपाशी गेला.

"वर जा," तो म्हणाला.

"मायलो, आता आकडे त्या पाटीवर दिसतात. पुकारायची गरज नाही."

"पाटीकडे पाठ करून उभा राहीन. मला तुझ्या तोंडून ऐकायचेत. या वेळी खरे." आणि मग हळू आवाजात, "कान तुझ्या आवाजाला लागलेत. दुसऱ्याकडून शिकायचं आता वय नाही माझं."

आर्डिसबाईंनी काओलीकडे पाहिलं. काओलीने मान हलवली आणि त्यांच्यामागोमाग ती वजनखोलीत गेली. ती खोली जेमतेम दोन-तीन पायऱ्या उंच होती; दोघी काट्याला लागून असलेल्या कठड्याशी उभ्या राहिल्या. मायलो खाली, पाठमोरा.

आकड्यातून तीन टक्के वजा करणं त्याला अगदी सोपं होतं. त्याने ते केलं नाही. तो नव्याने बघत होता. पहिल्या गायीला तो वीसने चुकला, आर्डिसबाईंनी खरा आकडा पुकारला. दुसऱ्या वेळी पंधरा. मग वीस, दहा, दहा. बाकांवरच्या बोली मंदावल्या, मग लोक बोली लावायचंच विसरले. पाच. पाच. तिसाव्या जनावराला आकडा जुळला. कुणी टाळी वाजवली नाही. माणसाच्या डोळ्यांतून चौतीस वर्षं धुऊन निघताना त्यांच्यासमोर दिसत होती, आणि टाळी वाजवायची हिंमत कुणात नव्हती. चाळिसावं, पन्नासावं, साठावं. एकही चुकला नाही. काओली श्वास रोखून कठड्यावर रेलून बघत राहिली.

एक मोठी होल्स्टीन गाय काट्यावर चढली आणि शांत उभी राहिली.

"तेराशे चाळीस," मायलो म्हणाला.

पाटीवर आकडे स्थिरावले. १३४५.

"तेराशे पंचेचाळीस," आर्डिसबाईंनी पुकारलं.

मायलो वळला नाही. तो जरा वेळ जमिनीकडे बघत राहिला. "नाही. पुन्हा बघ."

"मायलो, काट्यावर पंचेचाळीस आहे."

"तेराशे चाळीस," तो शांतपणे म्हणाला. "सरकारला सांग, हात काढ."

काओली दचकली. तिने खाली पाहिलं. कठड्यावरून पुढे वाकताना तिचा डावा हात काट्याच्या फाटकावर टेकला होता. फाटक काट्यालाच जोडलेलं असतं.

तिने हात उचलला.

लाल आकडे क्षणभर लुकलुकले, आणि १३४० वर थांबले.